म्हाताऱ्या कोंबड्याचं पोट पुन्हा पुन्हा बिघडतं: हगवणीच्या औषधाआधी गळ्याची थैली तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. पाच-सहा वर्षांचा घरचा कोंबडा. मलूल, शेपटी पडलेली, तुरा फिका, विष्ठा पातळ. कृषी केंद्रातून एक पुडी आणली, पाण्यात कालवली, तीन दिवसांत गडी परत आरवायला लागला. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा पुडी. तिसऱ्या खेपेला पुडी लागू पडत नाही, मग "वय झालं आता" म्हणून विषय संपवतात.

वयाने गळ्याच्या थैलीचे आणि दाणा दळणाऱ्या पेठ्याचे स्नायू ढिले पडतात. तरुणपणी जे सहज खाली सरकायचं ते आता तिथेच अडून बसतं. पुडीतलं औषध असतं आतड्यातल्या जंतूंसाठी. अडलंय वर, औषध चाललंय खाली, म्हणून दुखणं उलटतं. त्यात पुडी जंतुनाशकाची असेल तर पोटातले चांगले जंतूही मरतात आणि थैलीत बुरशी वाढायला रान मोकळं मिळतं. म्हणजे पहिलं दुखणं निसर्गाने दिलेलं, दुसरं आपण.

म्हणून कोणतीही पुडी फोडण्याआधी दोन दिवस खालची तपासणी करा. खर्च शून्य.

संध्याकाळी एकदा, पहाटे एकदा

दाणा चोचीतून आधी गळ्याखालच्या थैलीत जातो, तिथे भिजतो, मग थोडा थोडा खाली उतरतो. पेठा म्हणजे मटणाच्या दुकानात कलेजी-पेठा म्हणून मिळतो तोच जाड मांसाचा गोळा. कोंबड्याला दात नाहीत, सगळं दळण तिथे, गिळलेल्या खड्यांवर होतं. त्याच्या पुढे आतडं.

थैली सापडते मानेच्या बुडाशी, छातीच्या हाडाच्या वर, कोंबड्याच्या उजव्या अंगाला. संध्याकाळी कोंबडे खुराड्यात चढतात तेव्हा बोटांनी चाचपा. दिवसभर चरलेल्या कोंबड्याची थैली भरलेली लागली पाहिजे, साधारण लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, आत दाणे हाताला कळतील अशी. रात्री खुराड्यात दाणा ठेवू नका. सकाळी खुराडं उघडण्याआधी, काही खायच्या आत, परत हात लावा. रात्रभरात ती रिकामी होऊन कातड्याखाली जवळजवळ सापडू नये.

संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी असेल तर वरचा भाग चालू आहे, दोष खाली आहे. संध्याकाळीही रिकामी असेल तर तो खातच नाही, पचनाचा प्रश्न नंतरचा. आणि सकाळीही भरलेली असेल तर अडलंय. ते घट्ट कणकेच्या गोळ्यासारखं लागतं की पाणी भरलेल्या फुग्यासारखं, यावर पुढचा उपचार ठरतो. दोन्हीचे उपचार वेगळे आहेत आणि एकाचा दुसऱ्यावर केला तर नुकसान होतं.

याच वेळी वजन करून ठेवा. धान्याच्या पिशवीत घालून ताणकाट्याला लटकवलं की झालं. गावरान कोंबडा साधारण २ ते २.५ किलोचा, वनराज-गिरिराजसारखा सुधारित ३ किलोच्या पुढे. वजन लिहून ठेवल्याशिवाय औषधाचं माप ठरत नाही. आठवड्याला वजन घेत राहिलात तर दुखणं दिसायच्या आधी काटा सांगतो: छातीचं हाड धारदार लागायला लागलं आणि वजनाचा दहावा हिस्सा गेला की समजा काहीतरी जुनं चालू आहे.

संध्याकाळीच थैली रिकामी

कळपात नवा कोंबडा मोठा झाला की जुन्याला दाण्यावरून हाकलतो. म्हातारा बाजूला उभा राहतो, लोक म्हणतात भूक मेली. त्याला वेगळ्या डालग्याखाली १५ मिनिटं दाणा देऊन बघा. तुटून पडला तर औषध कशाचं?

तरीही खात नसेल तर चोच उघडून उजेडात बघा. वरची चोच वाढून खालच्या चोचीवर आकड्यासारखी वळली असेल तर दाणा उचलताच येत नाही. नखं कापायच्या कात्रीने टोक थोडं थोडं छाटा, आतला गुलाबी भाग लागायच्या आत थांबा. तोंडात पिवळसर, पनिरासारखे थर दिसले तर ते बहुधा कबुतरांकडून आलेलं दुखणं, एकाच पाण्यात चोच बुडवण्यातून पसरणारं. ते थर खरवडू नका, रक्त येतं. डॉक्टरांकडून मेट्रोनिडाझोल लागतं. कोंबड्यांच्या देवी रोगाच्या ओल्या प्रकारातही तोंडात असे थर येतात, म्हणून नुसत्या फोटोवरून औषध मागू नका. एका डोळ्याला मोतीबिंदू असलेला कोंबडाही दाण्याच्या बाजूला चोच मारत राहतो. त्याला दाणा जमिनीवर न फेकता रुंद ताटलीत द्या.

थैली घट्ट

विदर्भात याचं पहिलं कारण कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा. सोयाबीन-हरभऱ्याच्या कुटारात दाणे शोधताना लांब काड्या गिळल्या जातात. मग वाळलेलं लांब गवत, युरियाच्या गोणीचे प्लास्टिकचे धागे, सुतळी, वेचणीच्या दिवसांत अंगणात पडलेला कापूस. असे धागे थैलीत एकमेकांत अडकून दोरखंड होतात आणि पाणी सोडून काही खाली जाऊ देत नाहीत. गंमत अशी की पातळ विष्ठा चालूच असते, कारण पाणी झिरपतंय. ही पातळ विष्ठा पाहूनच पुडी आणली जाते.

उपचार असा करा:

१. दाणा, चारा पूर्ण बंद, २४ तासांपर्यंत. पाणी समोर राहू द्या. कोंबड्याला वेगळा ठेवा, खाली पोतं अंथरा, गवत नको. नाहीतर तेच खाईल.

२. जुन्या दुपट्ट्यात पंख अंगाशी धरून गुंडाळा. पायामागचा काटा लागतो, पायही आत घ्या. कोंबडा उभाच धरा.

३. बिनसुईच्या १० मिलिच्या सिरिंजमध्ये कोमट पाणी १० मिलि आणि खाण्याचं तेल (शेंगदाणा, तीळ, जवस, जे घरात आहे ते) २ मिलि. चोचीच्या कडेने एका वेळी अर्धा मिलि सोडा, तो गिळू द्या, मग पुढचं. जिभेच्या मुळाशी जे छिद्र उघडझाप करताना दिसतं ती श्वासनळी आहे. तिच्यात तेल गेलं तर न्यूमोनिया होतो आणि कोंबडा थैलीने मरण्याऐवजी फुफ्फुसाने मरतो. गिळण्याची घाई करू नका.

४. बोटांनी थैली हलक्या हाताने कालवा, कणीक मळावी तशी, ५ मिनिटं. जोर नको. दिवसातून ४ वेळा.

५. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा मऊ किंवा लहान झाला असेल तर चालू ठेवा. ४८ तासांत काहीच फरक नाही तर घरचा उपाय संपला.

४८ तासांनंतरचं काम डॉक्टरांचं: थैली कापून आतला गोळा काढणे. गावात काही लोक ब्लेडने कापून घरच्या सुई-दोऱ्याने शिवतात. कोंबडा वाचतोही कधी कधी. पण थैलीची भिंत आणि वरचं कातडं हे दोन थर वेगवेगळे शिवायचे असतात. दोन्ही एकत्र टाचले की जखम नीट मिटत नाही आणि प्यालेलं पाणी छातीवर गळत राहतं. शिवाय भूल न देता कापणं हा निव्वळ छळ आहे.

एरंडेल पाजू नका. ते आतड्याला डिवचतं. वर धाग्यांचा गोळा अडला असताना खालच्या आतड्याला घाई लावून काय मिळणार? आणि कोंबड्याला उलटं धरून, मान खाली करून थैली दाबून ओकवायची पद्धत तर कायमची सोडा. याच प्रकारात सर्वांत जास्त कोंबडे हातात मरतात, ओकारीचं पाणी श्वासनळीत जाऊन.

थैली फुग्यासारखी, तोंडाला आंबूस वास

ही आंबलेली थैली. आत बुरशी वाढलेली असते, कॅन्डिडा जातीची. थैली पिचपिचीत लागते, दाबली की गुरगुर आवाज येतो, चोचीजवळ नाक नेलं तर शिळ्या भाकरीच्या आंबवणासारखा वास. अडकलेली थैली दोन-तीन दिवस तशीच राहिली तर ती आंबते, किंवा जंतुनाशकाच्या पुड्यांनी बुरशीला जागा मिळते. गडचिरोली-चंद्रपूर-भंडाऱ्याकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहाचा आंबलेला चोथा उकिरड्यावर पडतो, त्यावर कोंबडे ताव मारतात. तोही एक रस्ता.

२४ तास दाणा बंद, पाणी दर चार तासांनी बदललेलं. भांडं रोज घासा. मळायचं नाही, तेल पाजायचं नाही. पातळ द्रव वर येऊन श्वासनळीत जायचा धोका इथे सर्वांत जास्त.

औषध निस्टॅटिनचं. लहान बाळांच्या तोंडातल्या बुरशीसाठी जे पातळ औषध मिळतं त्यात दर मिलिला १ लाख युनिट असतात. पक्ष्यांना किलोला १ ते ३ लाख युनिट, दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस असा मारा लागतो. नेमकं माप डॉक्टर वजनावरून ठरवतील. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. निस्टॅटिन रक्तात शोषलं जात नाही, ते बुरशीला जिथे टेकेल तिथेच काम करतं, म्हणून पाण्याच्या भांड्यात टाकून उपयोग नाही. चोचीतून, थैली रिकामी असताना, खाण्याच्या अर्धा तास आधी द्या. आणि तिसऱ्या दिवशी कोंबडा आरवायला लागला तरी ७ दिवस पूर्ण करा. वीस दिवसांनी उलटणाऱ्या बऱ्याच केसेस या तिसऱ्या दिवशी थांबवलेल्या औषधाच्या असतात.

मोरचूदाबद्दल, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराबद्दल. वरूड-मोर्शी भागात संत्र्याच्या बोर्डोसाठी (मोरचूद-चुन्याच्या फवारणीसाठी) मोरचूद घराघरात असतं आणि बुरशीवर ते चालतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोंबड्यांच्या पाण्यात ते वापरायचा जुना प्रघातही आहे, २ लिटरला १ ग्रॅम, काही दिवसच. पण अंदाजाने चमचाभर टाकलं तर ते ५ ग्रॅमच्या पुढे जातं. १ टक्का बोर्डोमध्ये लिटरला १० ग्रॅम मोरचूद असतं, म्हणजे कोंबड्याच्या मापाच्या वीसपट. इतक्या तांब्याने थैलीचं अस्तर भाजतं, यकृत जातं. ग्रॅमचा काटा नसेल तर मोरचूदाला हात लावू नका, आणि फवारणीचं ड्रम झाकून ठेवा.

लिंबू, व्हिनेगर, लसूण हे सगळं ऐकायला मिळतं. आंबलेल्या थैलीत आणखी आंबट घालून बुरशी मरत नाही.

थैली लोंबकळायला लागली असेल, म्हणजे चालताना पिशवीसारखी हलत असेल, तर स्नायू कायमचे ताणले गेलेत. ती बरी होत नाही, सांभाळावी लागते: दिवसाचं खाणं चार हप्त्यांत, सगळं भिजवलेलं, लांब काडीचा चारा बंद. दोन इंची क्रेप पट्टी छातीवरून पंखांच्या मागे बांधून थैलीला आधार देता येतो. पट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत.

थैली ठीक, विष्ठा खराब

आधी खात्री करा की ती खरंच खराब आहे. निरोगी विष्ठा गडद, घट्ट आणि वर पांढरी टोपी. पण दिवसातून काही वेळा कोंबडा तपकिरी, चिकट, डांबरासारखी, फार घाण वासाची विष्ठा टाकतो. ती आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतली, नेहमीची. हीच पाहून हगवण समजणारे कमी नाहीत.

पाण्यासारखी विष्ठा पण कोंबडा टवटवीत असेल तर पाणी तपासा. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरच्या पाण्यात लिटरला १००० मिलिग्रॅमच्या वर क्षार असले की विष्ठा पातळ होते, ३००० च्या पुढे गेले की कोंबडा खरंच आजारी पडतो. चार दिवस पिण्याचं नळाचं किंवा आरओचं पाणी देऊन बघा. फरक पडला तर निदान झालं. या पट्ट्यात हगवणीवर मीठ-साखरेचं पाणी देताना मीठ आणखी वाढवू नका. मे महिन्यात तापमान ४५ अंशांवर गेलं की कोंबडा धापा टाकतो, नेहमीच्या दुप्पट पाणी पितो, आणि पातळ टाकतो. तिथेही औषध नको, सावली आणि थंड पाणी हवं.

पांढरट, चुन्यासारखी पातळ विष्ठा सतत असेल तर मूत्रपिंडाकडे बघा. अंड्याच्या कोंबड्यांचं विकतचं खाद्य कोंबड्यालाही घालतात. त्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असतं. कोंबडा अंडं घालत नाही, त्याला १ टक्क्याच्या आसपासच पुरतं, उरलेलं वर्षानुवर्षं मूत्रपिंडावर बसतं.

दाणे जसेच्या तसे विष्ठेत दिसत असतील तर पेठा दळत नाही, त्याबद्दल खाली.

भाताच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे म्हणजे पट्टकृमी, मुंग्या आणि भुंगेऱ्यांमधून येतात. सुताएवढे जाड, बोटभर लांब पांढरे किडे म्हणजे गोल जंत. ताजी विष्ठा औषधाच्या रिकाम्या डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकात लगेच दिसतात. अल्बेंडाझोल किलोला २० मिलिग्रॅम. २.५ किलोच्या कोंबड्याला ५० मिलिग्रॅम: जनावरांचं २.५ टक्क्यांचं पातळ औषध २ मिलि, किंवा माणसांची ४०० ची गोळी असेल तर तिचा आठवा हिस्सा कुटून भाकरीत. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण पहिल्या वेळी लहान अळ्या वाचतात. फार हडकलेल्या कोंबड्याला जंत खूप असतील तर मेलेल्या जंतांचा गुंता आतडं अडवू शकतो; अशा वेळी डॉक्टरांना विचारूनच. आणि औषधाबरोबर खुराड्याखालची माती चार इंच खरवडून उकिरड्यावर टाका. गोल जंताची अंडी मातीत महिनोन् महिने टिकतात, तीच परत पोटात जातात. जंताचं दुखणं उलटतं ते मातीतून.

रक्ताची विष्ठा म्हणजे रक्ती हगवण, म्हाताऱ्यात कमी, पण दुसऱ्या आजाराने खचलेल्यात होते. अँप्रोलियमची २० टक्क्यांची पावडर, लिटरला १.२ ग्रॅम, ५ दिवस, नंतर ०.६ ग्रॅमने आठवडाभर. या काळात ब जीवनसत्त्वाचं टॉनिक देऊ नका. अँप्रोलियम ब१ ची जागा अडवूनच काम करतं, टॉनिक दिलं की दोन्ही पैसे वाया.

हिरवी विष्ठा दोन दिवस उपाशी राहिलेल्या कोणत्याही कोंबड्याची असते, नुसतं पित्त. पण हिरवी विष्ठा, धाप आणि मान वाकडी होऊन फिरणं एकत्र आलं तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. तिच्यावर औषध नाही, बाकीचे पक्षी लगेच वेगळे करा. मान वाकडी न होता लुळी पडली असेल तर कुजलेल्या मांसातल्या अळ्या खाल्ल्याचा संशय धरा.

पेठा आणि खडे

हा मुद्दा विदर्भातला, आणि याकडे जवळजवळ कुणाचं लक्ष नसतं. पूर्णा-वर्धेच्या खोऱ्यातल्या खोल काळ्या मातीत खडे नसतात. अंगण शेणाने सारवलेलं, म्हातारा कोंबडा आता शेताच्या धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) चरायला जात नाही, कुत्र्याच्या भीतीने अंगणातच असतो. पेठ्यातले खडे झिजतात, नवे मिळत नाहीत. मग ज्वारी न दळता पुढे जाते, आतड्यात कुजते, विष्ठा पातळ होते. हा कोंबडा कितीही जंतुनाशक दिलं तरी बरा होणार नाही, कारण त्याच्याकडे दळायचं जातंच नाही.

दगडी गिट्टीची कच किंवा नदीची जाड वाळू आणा, चाळणीतून ३ ते ५ मिलिमीटरची वेगळी करा, धुऊन वाळवा. संगमरवराचे किंवा शिंपल्यांचे तुकडे नको. ते पोटातल्या आम्लात विरघळतात, दळायला उरत नाहीत, उलट कॅल्शियम वाढवतात. पहिले तीन दिवस चहाचा एक चमचा दाण्यात मिसळून. एकदम वाटीभर ठेवली तर आसुसलेला कोंबडा खडेच खात सुटतो आणि नवीन अडचण. नंतर एक मडक्याचं खापर भरून कायमचं ठेवा. जवळपास बांधकाम चालू असेल तर बाइंडिंग वायरचे तुकडे आणि खिळे वेचून घ्या. कोंबडा खडा समजून तेही गिळतो.

नेमकं कोणत्या महिन्यात उलटतं

तारखा लिहून ठेवल्या की कारण बरेचदा आपोआप समोर येतं. जूनमध्ये, पेरणीच्या आसपास उलटत असेल तर बीजप्रक्रिया केलेलं बियाणं. लाल-गुलाबी-निळे दाणे धुऱ्यावर सांडतात. लाळ, लटपट, डोळ्याची बाहुली बारीक होणं ही विषबाधा आहे, पचन नाही; बियाण्याचं पाकीट घेऊन त्याच तासाला डॉक्टरांकडे.

पावसाळ्यात, पोळ्याच्या आगेमागे, ओलसर मक्याची बुरशी. दाण्यावर राखाडी-हिरवी पूड दिसली की तो दाणा जनावरालाही नको. उन्हात वाळवून बुरशी मरते, तिचं विष तसंच राहतं आणि यकृतावर जातं.

ऑक्टोबरमध्ये मळणीनंतर कच्चं सोयाबीन. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, भाजल्यावरच तो जातो. तरुण कोंबडा रेटून नेतो, म्हाताऱ्याचं पोट उतरतं. शिवाय कोरडं सोयाबीन थैलीत फुगतं. हिवाळ्यात कापूस घरात आला की सरकी आणि ढेप. सरकीतलं गॉसिपॉल कोंबड्यांना बाधतं. गुरांची ढेप भिजत घालता त्या टोपल्यावर झाकण असू द्या.

बरा होताना

थैली सकाळी रिकामी सापडल्यावरच खाणं सुरू करा. पहिल्या दिवशी तांदळाच्या कण्यांची बिनमिठाची पातळ पेज, दिवसातून पाच वेळा, एका वेळी दोन चमचे. पूर्वेकडे भंडारा-गोंदियात कण्या सहज मिळतात, पश्चिमेकडे ज्वारीच्या कण्या शिजवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उकडलेल्या अंड्याचा चुरा अर्धा. चौथ्या दिवसापासून भिजवलेली ज्वारी. पूर्ण खुराक १०० ते १२० ग्रॅमवर यायला आठवडा लागू द्या. ताक चमचाभरापुढे नको. कोंबड्यांना दुधातली साखर पचत नाही. पाणी पीत नसेल तर एक लिटरचं ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यातच, दोन दिवसच.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आजारी कोंबड्याला ऊब लागते. डालग्यावर पोतं आणि फूटभर वर ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी लावून उपयोग नाही, तो तापत नाही.

औषध चालू असलेला कोंबडा "वाया जाण्यापेक्षा" म्हणून कापून खाऊ नका. औषधाचा अंश मांसात राहतो, आणि आजार काय होता ते अजून ठरलेलं नसतं.

डॉक्टरांकडे कधी

पोट पाण्याने फुगलेलं आणि कोंबडा बदकासारखा चालतोय, विष्ठा काळी-डांबरी आहे पण चिकट-तपकिरी नेहमीची नाही, ४८ तास थैली हललेली नाही, किंवा सगळं नीट करूनही तिसऱ्यांदा उलटलंय. शेवटच्या प्रकारात आत गाठी असण्याची शक्यता असते, म्हाताऱ्या पक्ष्यांत त्या होतात, आणि मग थैली सुस्त पडणं हे फक्त वरून दिसणारं चिन्ह असतं. तालुक्याचा दवाखाना दूर असेल तर १९६२ वर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाबद्दल विचारा. जाताना वजनाची चिठ्ठी, थैलीच्या नोंदी आणि आजवर दिलेल्या पुड्यांची रिकामी पाकिटं घेऊन जा. डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

कोंबडा गेलाच आणि घरात बाकीचे पक्षी असतील तर शवविच्छेदन करून घ्या. देह प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, बर्फात ठेवून, पण गोठवू नका. गोठल्यावर आतल्या अवयवांचं काही सांगता येत नाही. २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात किंवा नागपूर, अकोल्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पोचवा. एकाच आठवड्यात गल्लीत दोन-चार पक्षी मेले असतील तर मात्र देहाला उघड्या हाताने शिवू नका, कुठे नेऊही नका. पशुसंवर्धन विभागाला कळवा. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, तेव्हा ही शंका फक्त मोठ्या पोल्ट्रीवाल्यांची राहिलेली नाही. एकट्या म्हाताऱ्या कोंबड्याला पुरायचं असेल तर तीन फूट खोल खड्डा, वर चुना, आणि खुराड्याची ती जागा पंधरा दिवस उन्हात उघडी.